मागच्या चाकाला तेल

प्रस्तुत लेखनात एका कागदाची, एका मोटारगाडीच्या मागील दोन चाकांची आणि एका मनुष्याच्या संतापाची हकिगत, पदरचे काहीही न घालता, जशी घडली तशी सांगण्यात येणार आहे. तीत कोणाचे नाव घेतलेले नाही. ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते स्वतःस ओळखतील, आणि इतरांनी ओळखण्याची निकड नाही. लेखकाचे शालेय शिक्षण सातवीत थांबले व पुढचे वाचनालयात उभ्याउभ्या झाले. तेव्हा भाषेत कुठे ठिगळ दिसल्यास वाचकांनी ते ठिगळच समजावे, नक्षी समजू नये.

सोमवारी सकाळचे आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. डबा डाव्या हातात होता. आमच्या सरकारी वाहनशाळेच्या फाटकातून आत शिरताना उजव्या बाजूस सूचनाफलक लागतो. त्यावर एरवी रजांचे तक्ते आणि हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना असतात. तरीही तो वाचल्याखेरीज मी कधी पुढे जात नाही, कारण अक्षर दिसले की वाचायचे ही माझ्या डोळ्यांची लहानपणापासूनची खोड आहे. त्या दिवशी फलकापुढे वेल्डर उभा होता आणि मला पाहताच तो बाजूला सरला. मनुष्य दोन कारणांनी बाजूला सरतो: दुसऱ्यास वाट मिळावी म्हणून, किंवा पुढे काय होते ते आपणास नीट दिसावे म्हणून. वेल्डर दुसऱ्या कारणाने सरला. कागद नवा होता, चार कोपऱ्यांस चार टाचण्या होत्या. ‘दवाखान्याच्या गाडीच्या दोन्ही मागील चाकांच्या आत पुन्हा तेल आढळून आले आहे. नऊ दिवसांपूर्वी केलेले काम सदोष आहे. तेल सूचनेविरुद्ध पातळ वापरलेले आहे. पुढील आदेशापर्यंत मागील आसाचे कोणतेही काम संबंधित मिस्त्रीस देण्यात येऊ नये.’ खाली पर्यवेक्षकाची सही. आणि पर्यवेक्षक हा माझा सख्खा साडू. माझ्या पत्नीची धाकटी बहीण त्याच्या घरी नांदते, आणि आदल्याच आठवड्यात तो माझ्या खुर्चीवर मांडी घालून बसला होता व चहात साखर कमी आहे असे म्हणाला होता.

"वाचलंत का?" वेल्डर म्हणाला.

"वाचता येतं मला."

"तसं नाही हो मास्तर. मी म्हटलं, चहाआधी वाचलंत की चहानंतर? चहाआधी असलं वाचलं की पोटाला लागतं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि डब्याची कडी बोटांत रुतत होती. ‘संबंधित’ या शब्दावरून माझे डोळे हलेनात. सव्वीस वर्षे मी या शेडमध्ये मागची चाके उघडतो आहे. सील बसवण्यात माझा हात बसला म्हणून लोक मला सीलमास्तर म्हणू लागले. ही पदवी मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही, म्हणून ती कोणत्याही कचेरीने काढून घ्यावी असेही मला कधी वाटले नव्हते. आणि आता चार टाचण्यांनी मला संबंधित करून टाकले होते. मारायचेच होते तर नाव घेऊन मारायचे! नाव घेतले असते तर निदान मी त्या कागदावर उभा तरी राहिलो असतो. संबंधित हा शब्द म्हणजे माणसाला पाठमोरा उभा करून त्याच्याविषयी बोलणे. असले विचार सरळ डोक्यात येत नाहीत, ते छातीत येतात आणि तेथून वर चढतात. मी तसाच उभा होतो, आणि तेवढ्यात दवाखान्याच्या गाडीचा चालक मागून आला. याला सर्वजण सावकाश म्हणतात. गेल्या अकरा वर्षांत त्याने गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेल्याचे कोणी पाहिलेले नाही.

"मास्तर, तुमच्यावर माझा राग नाही," सावकाश म्हणाला, "पण सांगतो ते ऐका. शनिवारी गाडीत चौदा माणसं होती. सगळी सत्तरीच्या पुढची, तपासणीला निघालेली. दवाखान्याच्या उतारावर ब्रेक दाबला. गाडीनं ऐकलं, नाही असं नाही, पण विचार करून ऐकलं. फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. मागून एक आजी म्हणतात, काय रे, आज फार घाईत दिसतोस! मला! जन्मात पहिल्यांदा मला कुणी घाईत म्हटलं."

"लागलं का कुणाला?"

"नाही. एका आजोबांचा चष्मा उडाला आणि पुढच्या आजींच्या मांडीत पडला. तेवढंच."

"फुटला?"

"फुटला नाही. पण आजी देईनात."

वेल्डर हसला, सावकाशही हसला. मला हसू आले नाही. वीतभर अंतर. मी नकळत डाव्या हाताची वीत उघडून पाहिली, डबा हातात असल्यामुळे ती पुरी उघडेना. माझ्या संतापाच्या मधोमध काहीतरी गार सरकून गेले, आणि ते पुन्हा सरकू नये म्हणून मी घाईघाईने आणखी संतापलो.

कपाटापाशी जाऊन मी कामाचे कपडे चढवले आणि ते नऊ दिवसांपूर्वीचे काम मनात पहिल्या नटापासून पुन्हा उघडले. एखाद्यावर चोरीचा आळ आला म्हणजे तो जसा आपलेच खिसे उलटे करून दाखवतो तसे मी स्वतःपुढे स्वतःस उलटे केले. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवली होती. चाके उतरवली, ड्रम काढले. आतले ब्रेकचे लायनर तेलाने चिंब झालेले, वर काळ्या धुळीची साय. दोन्ही बाजूंचे हाफशाफ्ट, म्हणजे चाकास फिरवणारे लांब लोखंडी दांडे, सरळ रेषेत बाहेर ओढले. जुने सील उचकटले. ते रबरी ओठाचे बांगडीएवढे कडे, पण ओठ इतका टणक झालेला की नखाने दाबले तर नखच वाकावे. बैठक फडक्याने पुसून तीत बोट फिरवले, कोठे ओरखडा नव्हता. दांड्यावर जुन्या सीलने घासून पाडलेली बारीक खाच होती, म्हणून नवे सील एक सूत अलीकडे बसवले, जेणेकरून त्याचा ओठ ताज्या लोखंडावर यावा. हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवले. उस्ताद जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते बोलत कमी, आणि बोलत तेव्हा पान्यास उद्देशून बोलत. "सील ठोकायचं नसतं, बसवायचं असतं. पाहुण्याला खांदे दाबून बसवतोस का?" असे ते पान्याला म्हणत आणि मी ते ऐकत असे. मी ओठास तेलाचे बोट लावले, कड्यावर बरोबर मापाची रिंग ठेवली, चारी बाजूंनी हलक्या हाताने टिचक्या मारल्या, आणि प्रत्येक टिचकीचा आवाज मला आजही आठवतो: पहिल्या पोकळ, शेवटच्या भरीव. दांडा परत घालताना त्याचे दाते ओठास लागू नयेत म्हणून श्वास रोखून धरला. दोन्ही बाजूंस नवे लायनर बसवले. कोठे चुकलो? सांगा, कोठे चुकलो? कपाटाच्या दारास आतून लावलेल्या आरशाच्या तुकड्यात माझे अर्धेच तोंड दिसत होते, आणि ते काही सांगेना.

राहता राहिले तेल. तेलाचा डबा उघडला की जो वास येतो तो गंधकाचा असतो. तो कातडीत शिरतो आणि साबणास भीक घालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझी पत्नी माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवी आणि बादली दाराबाहेर ठेवी. दुसऱ्या वर्षी ती बादली आत आली, आणि त्या दिवशी मला माझा खरा स्वीकार झाल्यासारखे वाटले होते. त्या वासाची मला लाज नाही. मी नव्वद नंबरचे तेल भरत होतो, कारण ज्यांनी ती गाडी घडवली त्यांनी तिच्यासाठी नव्वदच सांगितले आहे, आणि ते तिच्या पुस्तकात छापलेले आहे. भरण्याच्या भोकातून तेल ओघळू लागण्याच्या बेतात असताना मागे बुटांचा आवाज आला. साडू उभा होता. "नव्वद? मी एकशेचाळीस घालायला सांगितलं होतं. जाड असतं, गळत नाही." मी म्हटले, "जाड तेलानं गळती थांबत नाही, उशिरा कळते." तो म्हणाला, "उशिरा कळली तरी चालेल, गुरुवारी पाहणी आहे." हे वाक्य एका शिकलेल्या मनुष्याने उच्चारले! मी त्यास सांगितले की जाड तेल सकाळच्या गारठ्यात गोळ्यासारखे पडून राहते, बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही, आणि गिअर रडू लागतात. त्यावर तो सर्वांदेखत म्हणाला, "मिस्त्री, पुस्तक मीही वाचलंय. आणि पुरं वाचलंय." पुरं! सातवीवरून मारलेला तो टोला होता, आणि तो बरोबर जागी बसला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बूच लावले. लावताना ते एक फेरी जास्त आवळले गेले, हे मला लख्ख आठवते. बूच लावण्याआधी, अर्थात, मी फुंकर मारली असणार.

फुंकरीचे असे आहे. मागच्या आसाच्या लोखंडी खोळीच्या माथ्यावर करंगळीएवढी एक नळी असते, तिच्यावर सैल टोपी. तिला आम्ही ब्रीदर म्हणतो. गाडी पळाली की आतले तेल तापते, हवा फुगते, आणि ती हवा त्या नळीवाटे निघून जाते. नळी बुजली तर हवेस दुसरी वाट नसते. ती सीलचा ओठ उचलते आणि तेलास सोबत घेऊन चाकात शिरते, मग ते सील आजच बसवलेले का असेना. म्हणून बूच उघडे असतानाच ती टोपी काढून नळीस तोंड लावून फुंकायचे, ही आमच्या उस्तादांची रीत. तार नाही, दाबाची हवा नाही, तोंडाने. "यंत्राची हवा रेटून घाण आत ढकलते आणि सांगत काहीच नाही," ते पान्यास म्हणत, "तोंडाला कळतं, पलीकडे वाट आहे की भिंत." सव्वीस वर्षे मी फुंकतो आहे. त्याची चव कडू, जिभेच्या कडेस दिवसभर राहणारी. त्या दिवशीची चव मी आठवू लागलो. चव आठवली, परंतु ती त्या दिवसाची की आदल्या महिन्यातल्या पाण्याच्या टँकरची, ते ठरेना. न केलेली गोष्ट मनुष्यास आठवतच नसते, असा एक विचार डोक्यात आला. तो मी घरच्या सदऱ्यासोबत कपाटात टांगला आणि दार लावून घेतले.

शेडमध्ये गाडी घोडीवरच होती, मागची चाके बाजूस टेकवलेली. साडू हातात फळी आणि फळीवर कागद घेऊन उभा होता. घरी तो मला साडूबुवा म्हणतो, नाटकी आवाजात, हात जोडून.

"या, मिस्त्री," तो म्हणाला.

"कागद काढा."

"चौकशी झाल्यावर बघू."

"आधी चौकशी असते की आधी कागद?"

"तेल दिसलं, कागद लागला. ह्यात चौकशी कसली? मी एकशेचाळीस म्हटलं होतं, तुम्ही नव्वद घातलंत. पातळ तेल गळतं, एवढं माझ्या मुलीलाही कळतं."

"मग मुलीलाच विचारा. पाणी तर नव्वदहून पातळ असतं. नळ धड असला तर गळतं का?"

मागे सावकाश खोकला. वेल्डरने मुखवटा खाली ओढून हसू झाकले. साडूच्या गळ्यावर लाली चढली आणि मला, खरे लिहितो, आनंद झाला. घरच्या मनुष्याची फजिती करण्यात एक वेगळीच गोडी असते, ती परक्याच्या फजितीत नाही.

"मला खाली जाऊन बघायचंय," मी म्हटले.

"गाडीला हात लावायचा नाही. आदेश आहे."

"हात नाही लावत. डोळे लावतो. डोळ्यांविषयी कागदात काही नाही."

मी पाठीवर झोपून आत सरकलो. गाडीच्या खाली एक वेगळे जग आहे हे तेथे न गेलेल्यास सांगून कळायचे नाही. बाहेरचे आवाज पायांपुरते उरतात, माणसे बुटांवरून ओळखावी लागतात, आणि छातीवर अर्धा टन लोखंड असूनही मला तेथे घरच्या पलंगापेक्षा मोकळे वाटत आले आहे. माझे वडील वारले त्या दिवशी, सगळे उरकल्यावर, मी येथेच येऊन पडलो होतो. कोणी विचारले नाही, गाडीखाली पडलेल्या मनुष्यास कोणी काही विचारत नाही. पण त्या सोमवारी ते जग माझ्या ओळखीचे राहिले नव्हते. सगळे काळे होते. चकचकीत, ओल्या दगडासारखे काळे. स्प्रिंगा काळ्या, नट काळे, ग्रीस भरायची टोके काळी. एका नटावर बसलेली माशीदेखील रंगून तेथेच चिकटली होती. आणि आसाच्या माथ्यावरील त्या नळीची टोपी, जी बोटाने हलवली की टकटक वाजली पाहिजे, ती रंगाच्या जाड थराने नळीशी सांधली गेली होती. मी तेथूनच ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण सगळे बूट जवळ आले.

रंगाऱ्यास बोलावण्यात आले. तो खाली वाकून माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या भुवयांवरही काळे ठिपके होते.

"ही नळी कुणी रंगवली?"

"मीच की. बुधवारी. पाहणीच्या आदल्या दिवशी. साहेब म्हणाले, सगळ्या गाड्यांची पोटं काळी करा."

"नळीसुद्धा?"

"मी विचारलं हो! म्हटलं, ह्या बारीकसारीक टोप्या सोडू का? तर म्हणाले, सगळं म्हणजे सगळं. मग मी सगळं म्हणजे सगळं केलं. माशी होती, ती उडाली नाही, त्याला मी काय करू?"

साडूचे बूट जागच्या जागी हलले. मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारले, "टोपी काढू का? की कागद आडवा येतो?" वरून बऱ्याच वेळाने आवाज आला, "काढा." पाना लावताच रंगाची साय तडकली, टोपी सुटली, आणि मी ती हात लांब करून बुटांच्या जगातून माणसांच्या जगात दिली. तिच्या काठाभोवती रंगाचे अखंड कडे होते. वेल्डर म्हणाला, "वा, मास्तर!" सावकाशने टाळी वाजवली, एकच, सावकाश. आणि मग मी आयुष्यात प्रथमच ऐकले ते वाक्य: माझा साडू, सर्वांदेखत, शेडमध्ये, मोठ्याने म्हणाला, "चूक माझी झाली, साडूबुवा."

येथे ही हकिगत संपली असती तर ती लिहिण्याचे कारण उरले नसते. मी गाडीखालीच होतो. विजयाने माझे पोट हलके झाले होते. मी वेल्डरला तेल भरण्याचे बूच उघडायला सांगितले, आणि मनुष्य दार लावल्यावर कडी ओढून पाहतो तितक्याच सहजतेने नळीस तोंड लावून फुंकर मारली. गाल फुगले. कानांत दडे बसले. पलीकडे भिंत होती. पुन्हा फुंकले, पुन्हा भिंत. जिभेस काय लागले ते लगेच समजले. तो रंग नव्हता, तेल नव्हते. ती माती होती. बॅटरी नळीत धरून पाहिले. रंग टोपीच्या काठापाशीच थांबला होता, आत एक थेंबही गेला नव्हता. आणि आत, नळीच्या गळ्यात, वर्षानुवर्षे थर चढत दगड झालेली तपकिरी माती होती. नऊ दिवसांत अशी माती होत नाही. नऊ महिन्यांतही नाही. मी जुने टणक सील उचकटले त्या दिवशी ती तेथे होती, जुने सील गेलेही तिच्यामुळेच, आणि मी तिला तोंड लावले असते तर ती मला त्याच दिवशी सापडली असती. मी तोंड लावले नव्हते. कोणीतरी पुरं पुस्तक वाचल्याचे मला सांगितले होते, आणि मी रागाने बूच आवळले होते. बुधवारी रंगारी आला नसता तरीही शनिवारी तेल चाकात गेलेच असते.

त्यानंतर मी किती वेळ तसाच पडून होतो ते सांगता येत नाही. वर सगळे बोलत होते, माझ्याविषयी, चांगले. मला संताप आला. तो इतका शुद्ध होता की त्यास धरण्यास कोणी मनुष्यच सापडेना. साडूवर संतापावे तर तो क्षमा मागून मोकळा झालेला. रंगाऱ्याने विचारून रंग दिलेला. त्या कागदावर संतापावे, तर त्यातले एक वाक्य, ‘काम सदोष आहे’, हे खरे निघालेले! हीच गोष्ट मला सहन होईना. ज्यास सील कोणत्या बाजूने बसते हे नीट ठाऊक नाही, ज्याने कारण म्हणून लिहिले ते तेल निर्दोष आहे, त्याच्या हातून माझ्याविषयी एक खरे वाक्य लिहिले जावे, तेही अंदाजाने, हा कसला न्याय? वीतभर अंतर, चौदा माणसे. ती वीत माझी होती. ओठांवर माती होती, आणि ती पुसावी की थुंकावी हे मला ठरवता येईना.

साडूने मला आपल्या काचेच्या खोलीत नेले, दार लावले, खुर्ची पुढे केली. "बसा हो साडूबुवा. कागद आत्ता काढतो. दुसरा लावू, तुमच्या मनासारखा."

"आत माती आहे," मी म्हटले.

"कशात?"

"नळीत. जुनी. रंगाच्या आधीची. मी त्या दिवशी फुंकर मारली नाही."

मला वाटले होते तो उसळेल. तो उसळला असता तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. त्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचे समाधान पसरले. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"कुणी पाहिलं?"

"मी."

"म्हणजे कुणीच नाही. ऐका. रंगाचा हुकूम माझा होता, तो वर कळला तर माझी गच्छंती. मातीचं कळलं तर तुमची. मी कागद काढतो, वर काही कळवत नाही. तुम्ही नळी साफ करा, नवं सील टाका. माझा रंग, तुमची माती. फिटंफाट."

"त्या गाडीत चौदा माणसं होती."

"लागलं का कुणाला?"

"नाही लागलं म्हणून तर लिहायचं. लागल्यावर लिहितात त्याला पंचनामा म्हणतात."

"तुम्हाला हवंय तरी काय? सकाळपासून कागद काढा, कागद काढा. काढतो म्हटलं तर हे!"

"दोन्ही लिहा. रंग आणि माती. तेल बरोबर होतं हेही लिहा. आणि संबंधित लिहू नका, मला जे म्हणतात ते लिहा."

"अहो, कोणाला कळणार आहे?"

हे वाक्य त्याने अगदी मायेने उच्चारले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. सकाळच्या कागदाने मला जाळले होते, पण ह्या मायेने जे केले त्यास माझ्यापाशी शब्द नाही, आणि मी शब्दांचा पुष्कळ संग्रह करून ठेवलेला मनुष्य आहे. म्हणजे सकाळी मी त्याच्या लेखी दोषी होतो तेव्हा फलकावर होतो, आणि आता खराच दोषी ठरलो तर घरचा झालो! मी त्याच्या फळीवरून एक कोरा कागद ओढला आणि त्याच्याच टेबलावर लिहावयास बसलो. ‘ब्रीदर मोकळा आहे की नाही हे पाहणे माझे काम होते. मी ते केले नाही. मला राग आला होता. नळी मातीने आधीच बुजलेली होती. रंग नंतर देण्यात आला. त्याखाली माती दिसली नाही. तेल नव्वद नंबरचे असून योग्य आहे.’ त्याने माझ्या खांद्यावरून वाचले.

"राग आला होता हे कशाला? असलं कुणी लिहितं का सरकारी कागदात?"

"तेच कारण आहे."

"अहो, तुमचं मागच्या चाकांचं काम जाईल."

"जाऊ दे."

"आणि माझं?"

यावर पुष्कळ उत्तरे होती आणि सगळीच कडू होती. मी कागद वरिष्ठांच्या टपालात स्वतःच्या हाताने टाकला.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा पत्नीस सर्व कळले होते. धाकटीचा फोन येऊन गेला होता. दोघी बहिणींत मिळून एक शिवणयंत्र आहे, सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे. ते खिडकीपाशी होते आणि पत्नी त्याच्यापुढे, न शिवता, बसली होती.

"अहो, माझ्या बहिणीचं घर आहे ते."

"ठाऊक आहे."

"ती रडत होती. म्हणाली, भाऊजींना एवढंही गिळता आलं नाही का?"

"आलं असतं," मी म्हटले, "पण मग त्या उतारावरून जाताना रोज वर आलं असतं."

ती बराच वेळ यंत्राचे चाक हाताने मागेपुढे करीत राहिली. ती दहावी झालेली आहे. मग म्हणाली, "सरकारात लिहून दिलंत ते निदान शुद्ध तरी होतं का? मला दाखवायचं होतंत आधी." एवढेच. त्यानंतर तिने पान वाढले. मी बरोबर केले की चूक, हे ती आजतागायत बोललेली नाही, आणि मीही विचारलेले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. साडूकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, त्याची बढती थांबली आणि त्याला दुसऱ्या शेडमध्ये धाडण्यात आले. मागच्या आसाचे काम माझ्याकडून वर्षभरासाठी काढून घेण्यात आले. छापील तक्त्यात ‘ब्रीदर मोकळा असल्याची खात्री करावी’ अशी एक ओळ वाढली. खात्री कोणाच्या तोंडाने करावी हे तीत नाही. दवाखान्याच्या गाडीत तेल नव्वदच आहे, आणि तिची चाके आतून कोरडी आहेत, असे सावकाश मला मुद्दाम येऊन सांगतो. शिवणयंत्राचे सहा महिने केव्हाच उलटून गेले. ते न्यायला कोणी आलेले नाही, आणि पोचवायला आम्हीही गेलेलो नाही. लोक विचारतात, मास्तर, आता तरी राग गेला ना? मी त्यांना विचारतो, का जावा? एका मनुष्याने मला न पाहता दोषी ठरवले आणि पाहिल्यावर निर्दोष सोडायला निघाला, ह्या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीचा राग जावा ते मला सांगा. तो राग मी ठेवला आहे. फक्त तो आला की मी आता हातातला पाना खाली ठेवतो, आणि शांत झाल्यावर काम पहिल्या नटापासून पुन्हा पाहतो. याने कामास वेळ लागतो. नवा पर्यवेक्षक त्यावरून बोलतो. बोलू द्यावे.

ज्या वाचकांनी एका बुजलेल्या नळीपायी आपला इतका वेळ खर्च केला त्यांचे मी दोन्ही हात पुसून मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
सीलमास्तर
(सध्या पुढच्या चाकांवर)